बायांच्या बाजूनं सरळ दिसणारं घर

त्या मालिकेत खून कोणी केला हे मला तीन महिन्यांनी कळलं, आणि इतका राग आला की हातातली मुरमुऱ्यांची वाटी मी कंपाउंडर काकूंच्या सतरंजीवर उपडी केली. गावात टीव्ही दोनच होते. एक राइस मिलवाल्या मनोहरजींकडे, तिथं पोरींना कोणी आत घेत नसे. दुसरा काकूंकडे. तिथं औषधाचा आणि लसणाच्या फोडणीचा वास एकात एक मिसळून यायचा, आणि दर रविवारी सकाळी आम्ही वीस-पंचवीस बाया-पोरी भिंतीला टेकून बसायचो. मालिका शहरातल्या एका बंगल्याची होती. लांबच लांब टेबल, त्याभोवती सहा माणसं जेवायला बसलेली, आणि खिरीचा दुसरा घास घेताच घरातला म्हातारा मान टाकतो. मग दर रविवारी एक जासूस सगळ्यांना पुन्हा त्याच टेबलाशी बसवायचा. खीर कोणी वाढली, वाटी कोणाच्या हातून कोणाकडे गेली, विचारत राहायचा. मी आठवीच्या वहीत ते टेबल काढलं होतं. वही अर्धी कोरीच होती, कारण शाळा सुटून मला सहा महिने झाले होते. कोणाचा हात कुठवर पोचतो, कोणाच्या आड कोण येतं, हे सगळं मी पट्टी लावून मांडलं होतं. उत्तर त्या सहा जणांतच आहे याची मला खात्री होती.

शेवटच्या रविवारी कॅमेरा पहिल्यांदा मागं वळला. टेबलाला सातवी खुर्ची होती. तिच्यावर घरातली धाकटी सून बसली होती. तीन महिने ती तिथंच होती, जेवत होती, वाढत होती, आणि आम्ही सगळं पाहत होतो ते तिच्या जागेवरून. खीर तिनंच वाढली होती. काकूंनी टाळी वाजवली. "वा वं माय! काय डोकं लावलं!"

"डोकं कायचं?" मी उठूनच उभी राहिले. "दाखवलंच नाही तं दिसन कसं?"

"तेच तं डोकं!"

"ह्याले फसवणं नाही म्हणत काकू. हे लपवणं झालं."

"तू कायले एवढी तापून राहिली वं? तुया घरचं गेलं का काही?" काकू म्हणाल्या, आणि सगळ्या बाया हसल्या. मुरमुरे वेचताना मला रडू येत होतं. माझ्या घरचं काय गेलं, याचं उत्तर मला त्या वेळी देता आलं नाही.

आज देता येतं. आता साठी जवळ आली. कोकणात, समुद्राच्या अंगाला, शाळांच्या भिंती आणि अंगणं रंगवत मी आयुष्य काढलं. इथल्या लोकांना माझं बोलणं अजून परकं वाटतं. मी 'का'ऐवजी 'काऊन' म्हटलं की बालवाडीच्या बाई हसतात. मागच्याच महिन्यात एका शाळेच्या फरशीवर मी विहीर काढली. पोरं काठावर उभी राहून खाली वाकतात, एकमेकांना धरतात, किंचाळतात, आणि मग तिच्यावर नाचतात. विहिरीपासून सहा पावलांवर मी दोन पावलांचे ठसे रंगवले आहेत, कारण विहीर फक्त तिथूनच विहीर दिसते. बाजूनं पाहिली तर लांबट, ओढलेलं, निळं-काळं काहीतरी. ते मी झाकत नाही. उलट पोरांना आधी बाजूनंच नेते. त्यांना सांगते, पाहा, खड्डा नाही, रंग आहे. आता इथं या. आणि ती पुन्हा घाबरतात! हे मला बाबानं शिकवलं. माझ्या पोटाला जे मिळालं ते त्याच्या शिकवण्यानं, हे नाकारलं तर जीभ झडेल. म्हणूनच पुढचं लिहायला भीती वाटते. धाकटा भाऊ वाचेल, गावातलं कोणी वाचेल, म्हणतील, मेलेल्या बापावर उलटली. तर म्हणोत.

बाबा नाटकाचे पडदे रंगवायचा. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, लेकी-जावई येतात, आणि मंडईला नाटक लागतंच. नाटकाला सीन लागतं. राजाचा दरबार, जंगल, गरिबाचं घर, शहरातला रस्ता; आम्ही पडद्याला सीनच म्हणायचो. नवेगावच्या तलावापासून पार अर्जुनीपर्यंतच्या गावांत खालच्या कोपऱ्यात 'श्रावण पेंटर' लिहिलेलं सीन दिसायचं. पावसाळा ओसरला की अंगणात चुलीवर सरस शिजायचा. जनावराच्या हाडा-कातड्याचा तो चिकट रस, त्याचा वास केसांत बसायचा, शाळेत पोरी नाक धरायच्या. माय त्याच्या शेजारीच दुसऱ्या चुलीवर तलावातल्या सुकवलेल्या झिंग्यांची भाजी टाकायची आणि मला म्हणायची, "पाहाय वं, पळी इकडची तिकडं नको करू. लोकं सरस खातीन अन् सीनले झिंगे लागतीन." पलीकडं मनोहरजींच्या मिलची धडधड दिवसभर चालायची. त्या आवाजाची इतकी सवय होती की लाइट जाऊन मिल बंद पडली की आम्ही सगळे एकदम वर पाहायचो, कोणी हाक मारल्यासारखे.

कापड बांबूच्या चौकटीवर ताणलं की बाबा आधी रंग उघडायचा नाही. आधी खिळा. पडद्याच्या बरोबर मधोमध, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीला, तो एक खिळा ठोकायचा आणि त्याला सूत बांधायचा. "हा सीनचा डोरा," तो म्हणायचा. डोळ्याला आमच्याकडे डोराच म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही कडा, ओसरीचे वासे, खांबांचे माथे, जे जे लांब जातं ते ते त्या खिळ्यात जाऊन मिळायचं. सुताला नीळ लावून बाबा ते ताणून सोडायचा, फट्, आणि कापडावर सरळ निळी रेघ उठायची. अशा पन्नास रेघा उठल्या की सपाट मांजरपाटात हात घालता येईल इतकं खोल घर तयार व्हायचं. एका मंडईला तर दारू पिऊन आलेल्या नटानं आपला शेला बाबानं रंगवलेल्या खुंटीला अडकवला. शेला पडला. त्यानं उचलून पुन्हा अडकवला. तिसऱ्यांदा अडकवताना लोक खुर्च्यांवरून खाली आले हसून हसून. बाबा ती गोष्ट वर्षभर सांगायचा. पण सांगून झाल्यावर गंभीर व्हायचा. "ऐक पोरी. त्याच्यापासून मी काही लपवलं नाही. जवळ ये, हात लाव, चाट पाहिजे तं. रंगच आहे. तरी फसला तं त्याचा डोरा फसला. आपण सारं समोर ठेवाचं." टीव्हीवरच्या जासुसांना तो हसायचा. "यांचं काय, डब्बा आहे. डब्ब्याच्या बाहेर काय ठेवलं कोणाले मालूम!"

त्याचं हे बोलणं मी देवाचं मानलं होतं. काकूंच्या घरात मी जे ओरडले ते त्याचंच शिकवलेलं होतं.

मग धान चुरताना, म्हणजे मळणीत, एक कूस त्याच्या उजव्या डोळ्यात गेलं. धानाच्या लोंबीवरचा तो केसाएवढा काटा. त्यानं बोटानं चोळला, मायनं फुंकर घातली, कोणी दूध घालायला सांगितलं, कोणी मध. गोंदियाला नेईपर्यंत बुबुळावर पांढरं चढलं होतं. तो डोळा गेला. एका डोळ्यानं माणसाला दिसतं सगळं. पण वस्तू किती जवळ आहे हे हाताला कळत नाही. बाबा पेल्याच्या बाजूला पाणी ओतायचा. ब्रश रंगाच्या डब्यात घालायला जायचा आणि तो डब्याच्या चार बोटं अलीकडे जमिनीत टेकायचा. सपाट कापडावर लोकांना खोली दाखवणाऱ्या माणसाला आता साध्या डब्याची खोली सापडत नव्हती. मी शेजारी बसायचे आणि त्याचा ब्रश खाली येताना डबा अलगद त्याच्याखाली सरकवायचे. एक शब्द न बोलता. तोही बोलायचा नाही. पण रेघेचं काय करणार? रेघ सरकवता येत नाही. दोन पडदे त्यानं बिघडवले, रात्रीतून फाडून टाकले, आणि परीक्षेला दोन महिने असताना मायनं गुरुजींना निरोप धाडला की पोरीला कावीळ झाली आहे.

मला कावीळ झाली नव्हती. हे वाक्य मला शाळेत जाऊन एकदा मोठ्यानं म्हणायचं होतं, ते राहूनच गेलं.

त्या हंगामाचे उरलेले आणि पुढच्या हंगामाचे मिळून अकरा सीन मी रंगवले. खिळा बाबा सांगेल तिथं, मधोमध. बाकी सगळं मी. दरबार मी केला, जंगल मी केलं, शहराचा रस्ता, जे शहर मी पाहिलं नव्हतं तेही. नाटक मंडळाचे लोक सीन पाहायला आले की मायनं दारातून खूण करायची आणि मी ब्रश तिथंच ठेवून स्वयंपाकघरात जायचं. बाबा काळा चष्मा लावून तो ब्रश हातात घ्यायचा. हातावर, कपाळावर थोडा रंग आधीच लावून ठेवलेला असायचा. हे कोणी मला समजावून सांगितलं नव्हतं. पेंटरचा डोळा गेला हे कळलं तर कोणी सीन देणार नाही, आणि पोरीनं रंगवलेलं सीन टांगायला कोणतं मंडळ तयार होईल, हे घरात भाताच्या वाफेसारखं पसरलेलं होतं. मला वाईटही वाटत नव्हतं तेव्हा. आम्ही सगळे मिळून बाबाला सांभाळत होतो. मला अभिमानच होता.

त्या रविवारी, मालिका संपली त्या दिवशी, मी धुसफुसत घरी आले तर अंगणात दोन सायकली. माय दारातून डोळ्यांनी म्हणाली, मागून. मी मागच्या दारानं आत गेले. पाहुण्यांसाठी लाखोरीच्या डाळीचे वडे तळायचे होते. कढईसमोर बसले आणि बाहेरून आवाज आला, "पेंटर, ह्या जंगलात तं वाघ निघन वाटून राहिलं! काय हात आहे तुमचा!" बाबा हसला. त्याचं ते ठसक्याचं हसू. "अनुभव आहे जी," म्हणाला. माझ्या बोटांना ते हिरवं अजून लागलेलं होतं, वड्याच्या पिठात त्याचा पोपटी डाग पडला. आणि मला ती सातवी खुर्ची दिसली. मी तिच्यावर बसले होते. जेवत होते, वाढत होते, आणि कॅमेरा माझ्याकडे वळणार नव्हता. मायनं वडे बाहेर नेले तेव्हा तिच्या हातातून ताट हिसकून अंगणात जावं असं मला वाटलं. गेले नाही. तो डागाचा वडा मी वेगळा काढून स्वतः खाल्ला.

दिवाळीच्या आधी आमच्याच गावच्या मंडळानं सीन सांगितलं: गरिबाचं घर, पुढं ओसरी, तुळस, आत उघडं दार. खिळा ठोकायच्या दिवशीच बाबाला डोळ्याच्या दवाखान्यात बोलावलं, तो मामासोबत चार दिवस गोंदियाला गेला. जाताना म्हणाला, "तू घाल खिळा. आता कायले विचारतं? गावचंच सीन आहे, कोण कुठं बसते तुले माहीत आहे."

हो, मला माहीत होतं. मैदानात मधोमध दोरी बांधतात. उजवीकडं पुरुष, डावीकडं बाया. पुढं मधे मंडळाच्या लोकांच्या खुर्च्या, आणि बायांना जमीन. जन्मल्यापासून मी प्रत्येक नाटक मायच्या मांडीला खेटून डाव्या बाजूनं, जमिनीवरून पाहिलं होतं. तिथून प्रत्येक घर मला थोडं पलीकडं झुकलेलं दिसायचं. खांब आमच्याकडे पाठ करून उभे आहेत असं वाटायचं. मी समजायचे, सीन असंच असतं. बाबाच्या अकरा खिळ्यांच्या वेळीही कधी विचारलं नाही. त्या दिवशी मात्र अंगणात मी एकटी होते. चौकटीपासून पावलं मोजली, पाहणारा बसतो तिथं जाऊन बसले, बाबा करायचा तसाच एक डोळा मिटला आणि नजरेसमोर जे आलं तिथं खिळा ठोकला. मी बसले ती जागा आमची होती, बायांची. हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. बाबानं मधे खुर्ची धरली असती. माझ्या डोक्यात पाहणारा म्हणजे मीच. खिळा मध्यापासून दोन हात डावीकडं गेला आणि वीतभर खाली. चार दिवसांत मी घर उभं केलं. माझ्या आयुष्यात मी इतकं खरं घर काढलं नव्हतं. बाबा आला तेव्हा कापड घडी होऊन पडलं होतं. त्यानं बोटांनी चाचपलं, रंगाचा थर पाहिला, म्हणाला, "सफाई आली हाताले."

आमच्याकडे रीत आहे: सीन टांगलं की नाटकाच्या आदल्या दिवशी दुपारीच मंडळाच्या अध्यक्षानं पुढच्या मधल्या खुर्चीत बसून ते पाहायचं आणि मग नारळ फोडायचा. अध्यक्ष मनोहरजी. बाया मैदान सारवायला आल्या होत्या, मीही शेणाचे हात घेऊन डावीकडं होते. सहा जणांनी दोरखंड ओढला, सीन वर गेलं, आणि मी पाहिलं. ओसरी इतकी खोल की तुळशीला वळसा घालून आत जावं वाटेल. पहिल्यांदा एका घरानं आमच्याकडे तोंड केलं होतं. मी माझ्याच हातावरचं शेण विसरून तोंडाला हात लावला.

तिकडं मनोहरजी खुर्चीत बसले, मान डावीकडं केली, उजवीकडं केली, उठले, पुन्हा बसले.

"पेंटर," ते म्हणाले, "घर आहे का बैलगाडी? एकीकडं उलार होऊन राहिली!"

खुर्च्यांमागचे लोक हसले. "हिरोईन ओसरीत बसली तं घरंगळत अध्यक्षाच्या मांडीवर येईन," कोणी म्हणालं. "मंग अध्यक्षाले चालते का विचारा!"

बाबा चष्मा सावरत आला, त्या खुर्चीत बसला. एका डोळ्याला तेवढं पुरेसं होतं. त्याला क्षणात कळलं की खिळा कुठं आहे, आणि तो तिथं का आहे हेही कळलं असणार, कारण त्यानं मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं. त्याला म्हणता आलं असतं, माझी चूक झाली, मी आजारी होतो. अकरा वेळा शाबासकी घेतलीस, एक चूक घे ना बाबा! मी मनात म्हणत होते, घे ना.

"माह्या हात नाही ह्याले," बाबा म्हणाला. "मी दवाखान्यात होतो. हे पोरीनं केलं. पोरीची जात, बिघडवून ठेवलं."

"अन् दरबार, जंगल, ते?" मनोहरजींनी विचारलं.

"ते माह्येच आहेत ना जी."

अशा रीतीनं कॅमेरा मागं वळला. सगळ्या मैदानानं मला पाहिलं. इतके महिने मी तिथंच होते आणि गुन्हेगार हवा झाला तेव्हा दिसले. आज हे लिहितानाही कानशिलं तापतात. मालिका करणारे निदान परके होते, त्यांनी मला सूत धरायला शिकवलं नव्हतं. सारं समोर ठेवायचं हे ज्यानं सांगितलं, त्यानंच हे केलं.

"आमाले तं सीधं दिसून राहिलं!" माझ्या मागून कंपाउंडर काकू ओरडल्या. "मनोहरजी, तिकडूनच काय सांगता? अठी येऊन पाहा ना."

मनोहरजी धोतर सावरत दोरीखालून आले, बायांत उकिडवे बसले. "अरेच्चा," म्हणाले. "अठून तं पक्कं घर आहे." मग उठून हात झटकले. "पण आमाले का बायांत बसून नाटक पाहाचं आहे? पेंटर, सांजपर्यंत सीधं करा."

"आत्ता करतो. आणा ब्रश," बाबा म्हणाला.

सीन खाली घेतलं. डबे आणले. बाबा चवड्यावर बसला, पंधरा-वीस लोक भोवती. त्यानं ब्रश डब्याकडे नेला. माझे हात आपोआप पुढे झाले, सवयीनं; मी तोवर त्याच्या शेजारी येऊन बसले होते. डबा चार बोटं सरकवला की झालं असतं. त्याची लाज राहिली असती, माझी कावीळ राहिली असती, सगळं पूर्वीसारखं चाललं असतं. मी हात मागं घेतले आणि काखेत धरून बसले. ब्रश जमिनीत टेकला. पुन्हा उचलला, पुन्हा टेकला, या वेळी डब्याच्या पलीकडं. तिसऱ्यांदा डबाच कलंडला आणि गेरूचा रंग सारवलेल्या जमिनीवर पसरत गेला. ते मी केलं. इतक्या वर्षांत देवापुढं हात जोडताना ते हात काखेत धरलेले आठवतात. पण पुन्हा ती दुपार आली तर पुन्हा काखेतच धरीन.

मनोहरजींनी खाली वाकून बाबाच्या चष्म्यात पाहिलं. "पेंटर, डोरा गेला का गा?"

बाबानं ब्रश खाली ठेवला.

"मंग हे सारे सीन कोणं केले?"

"मी," मी म्हटलं. "अकराचे अकरा. हेही. सांजपर्यंत सीधं करून देईन. पण खाली नाव माझं टाकीन."

मागं कुजबुज झाली. "पोरीचं नाव, सीनवर?" कोणी म्हणालं, "उद्या नाटकात रामही पोरगीच करन." मनोहरजी मिलवाले होते, त्यांना काम झाल्याशी मतलब. "टाकू द्या ना बा," ते म्हणाले, "नावानं का सीन वाकडं होते? पेंटर, तुमी बाप आहा. तुमी बोला."

सगळे बाबाकडे पाहत होते. माय शेणाचं टोपलं कमरेवर धरून दोरीशी उभी होती. मला अजूनही वाटतं की त्यानं त्या वेळी 'टाक' म्हटलं असतं तर मी त्याच्याखाली त्याचंही नाव टाकलं असतं, मोठ्या अक्षरात, वर. मी तो विचार करूनही ठेवला होता. तेवढ्या दोन मिनिटांत कोपऱ्यात किती जागा आहे हेही मोजलं होतं.

बाबा उठला. धोतराला लागलेला गेरू पुसला नाही. "राहू द्या तसंच," म्हणाला. "माह्याच नावानं टांगा. लोकं मले हासतीन तं हासतीन."

आणि ते तसंच टांगलं. कोपऱ्यात मीच आधी, नेहमीसारखं, 'श्रावण पेंटर' लिहिलेलं होतं. नाटक झालं, खुर्च्यांवरचे लोक माना तिरप्या करून पाहत राहिले, आणि दोरीच्या अलीकडच्या बाया नीट बसून. वाकडं घर त्याला त्याच्या नावावर चाललं, सरळ घर माझ्या नावावर चाललं नसतं. त्याला मूर्ख म्हणावं तर तो मूर्ख नव्हता. दुष्ट म्हणावं तर त्यानं मला आयुष्यात एक चापट मारली नव्हती. म्हणूनच हा राग मला कुठं ठेवता येत नाही.

मंडई उठली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात नवं कापड आलं होतं. कुठल्याशा मंडळाला सगळं कळूनही सीन हवंच होतं. मी आत तांदूळ निवडत होते. सरसाची हंडी चुलीवर चढली, वास आला. बांबू ठोकल्याचा आवाज आला. मग बाबानं हाक मारली.

"वनिता!"

माय माझ्याकडे पाहायला लागली.

"वनिता, ये वं. सूत धराले ये."

"जा ना वं," माय हळूच म्हणाली, "नाव घेऊन बोलवून राहिला."

मी सुपातला खडा उचलला, बाजूला टाकला. दुसरा उचलला. बाहेर त्यानं तिसऱ्यांदा हाक मारली, आता थोडी खालच्या आवाजात, आणि मी सूप पाखडत राहिले, ओ दिली नाही.